विदर्भातलं गोडं पाणी आणि नवखा स्कूबा डायव्हर: डुबकीची जागा कशी निवडावी

तारकर्लीला किंवा अंदमानात स्कूबाचा कोर्स करून परतलेली विदर्भातली मुलंमुली पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात: "आता इथं घराजवळ कुठं?" समुद्र इथून सातशे किलोमीटरवर. आणि आपल्या भंडारा-गोंदियाच्या बाजूला तर दर गावाला तलाव. मग चारचाकीत सिलिंडर टाकावं, दोन-तीन मित्र घ्यावेत आणि निघावं, असं वाटणं साहजिक आहे. निघाच. फक्त निघण्याआधी पाणी पारखायला शिका, कारण इथं बोर्ड लावलेलं, दोर बांधलेलं, माहीतगार माणूस बसवलेलं डायव्हिंगचं ठिकाण वाटेत लागेल असं धरून चालता येत नाही. पारख तुम्हालाच करायची आहे.

माझी पारख एकाच गोष्टीपासून सुरू होते: बाहेर यायची वाट. डोक्यावर मोकळं पाणी आहे का, म्हणजे सरळ वर येता येईल का. आणि वर आल्यावर अंगावर वीस-बावीस किलोचं सामान असताना काठावर चालत चढता येईल का. खोली, मासे, फोटो हे सगळं त्यानंतर.

आधी झऱ्यांबद्दल

गोड्या पाण्याच्या झऱ्यातल्या डायव्हिंगचे जे व्हिडिओ आपण पाहतो, ते बहुधा अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे असतात. गिनी स्प्रिंग्ज, डेव्हिल्स डेन, ब्लू ग्रोटो ही तिथली नावं. तिथल्या जमिनीखाली चुनखडक आहे. पावसाचं पाणी हा खडक हजारो वर्षं विरघळवत राहतं, त्यात भुयारं तयार होतात आणि गाळून निघालेलं पाणी प्रचंड प्रमाणात वर येतं. बारा महिने साधारण २२ अंश तापमान, आणि तीस-तीस मीटरपर्यंत लख्ख दिसतं. तिथंही नियम कडक आहेत. गिनी स्प्रिंग्जच्या डेव्हिल्स भागात साधा ओपन वॉटर (स्कूबाचा पहिल्या पायरीचा) परवाना असलेल्याला टॉर्चच नेऊ देत नाहीत. दिवा हातात असला की माणूस अंधारात शिरतो, आणि गुहेचं प्रशिक्षण नसलेला तिथून परत येईलच असं नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडेही तो जसाच्या तसा पाळावा.

आपल्या पायाखाली मात्र वेगळा दगड आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ या भागात मुख्यतः काळा पाषाण, म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. पाणी या थरांच्या सांध्यातून झिरपतं, त्यामुळे झरे असतात पण बारीक. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुना कठीण खडक. वणी, कोरपना, राजुरा पट्ट्यात चुनखडक आहे, पण तिथं सिमेंटसाठी खाणकाम चालतं आणि खाणीत शिरायचा विचारही करू नये.

म्हणून आपले झरे बघायचे, ओंजळीत पाणी घ्यायचं, पुढं जायचं. लोणारच्या काठावरची धार बघा. मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला सालबर्डी आहे, यवतमाळ जिल्ह्यात कापेश्वर आहे. तिथलं गरम पाणी बघण्यासारखं आहे. ही श्रद्धेची ठिकाणं आहेत, कुंडं लहान आहेत, आणि गरम गोड्या पाण्याचा आणखी एक धोका असतो. नेग्लेरिया नावाचा अमीबा अशा पाण्यात वाढू शकतो आणि नाकात जोरानं पाणी गेलं तर मेंदूपर्यंत पोचतो. आजार अत्यंत दुर्मिळ, पण झाला तर वाचणारे फारच थोडे. त्यामुळे कोमट कुंडात नाक बुडवू नका, मास्क घालूनही नको. लोणारच्या सरोवराचं तर पाणीच खारं आणि अल्कधर्मी आहे, शिवाय ते अभयारण्य आहे. काठावरून बघा.

उरतं ते तलावांचं आणि धरणांच्या फुगवट्याचं पाणी. पुढचं सगळं त्याबद्दल.

घरी बसून करायचं काम

महिना ठरवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत पाणी गढूळ असतं, शेतातली माती आणि फवारणीचं औषध दोन्ही वाहून आलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, हिरवं पडतं, काठाला गुडघाभर चिखल उघडा होतो. एप्रिल-मेच्या उन्हात काठावर वेटसूट चढवून दहा मिनिटं उभं राहिलं तरी माणूस भोवळ येऊन पडेल. नवतप्यात तर नावच काढू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा आपला हंगाम. तलाव भरलेले, गाळ खाली बसलेला, शेवाळ कमी. पाणी गार असतं, म्हणून पाच मिलिमीटरचा सूट घ्या.

मग रस्ता आखा, आणि इथं बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. डुबकीनंतर शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो. त्या अवस्थेत उंचीवर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि तो नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. विमानाबद्दल हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. घाटाबद्दल लक्षात राहत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटरवर आहे. सकाळी खाली पाण्यात उतरून दुपारी परतवाड्याहून घाट चढलात तर विमानात बसल्यासारखाच हिशेब लागतो: एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्या किंवा सलग दिवस असतील तर किमान १८ तास. सोपा उपाय म्हणजे सहल उलटी लावा. मेळघाट-चिखलदरा आधी, पाणी नंतर. बुलडाण्याचं पठारही सहाशे मीटरच्या वर जातं, तेव्हा त्या बाजूनं परतणाऱ्यांनीही हे बघावं.

किती खोल किती वेळ राहायचं हे सांगणारे डुबकीचे नेहमीचे तक्ते ३०० मीटर उंचीपर्यंत जसेच्या तसे चालतात. नागपूरच ३१० मीटरवर आहे. डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं यंत्र) स्वतःहून उंची ओळखत असेल तर प्रश्न नाही. जुन्या कॉम्प्युटरमध्ये हातानं ठरवावी लागते. आणि एक सेटिंग सगळ्यांनीच बदलायचं: 'सी वॉटर' काढून 'फ्रेश वॉटर'.

नकाशावरून आधीच खोडायच्या जागा

वाघ प्रकल्प आणि अभयारण्यातलं पाणी पहिलं खोडा. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत. पेंचचं तोतलाडोह, नवेगावचा तलाव ही सगळी वन विभागाच्या कायद्याखालची जागा. परवानगी मागत बसू नका, त्या प्राण्यांना आणि पक्ष्यांना त्यांचं पाणी राहू द्या.

उमरेड, वणी, चंद्रपूरकडच्या बंद पडलेल्या खुल्या कोळसा खाणी वरून निळ्या दिसतात आणि मुलांना फार खुणावतात. त्यांच्या कडा उभ्या आणि भुसभुशीत, काठ नावाचा प्रकारच नसतो. माझ्या पारखीत ते पाणी पहिल्याच प्रश्नावर बाद.

विहीर आणि बारव यांचंही तेच. विहिरीत खाली वायू साचलेला असू शकतो, वर यायला एकच अरुंद तोंड, आणि विहिरीत मोटार असते. मोटारीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण हा धोका परदेशी पुस्तकांत सहसा या रूपात सापडत नाही. आपल्याकडे तलावाच्या, नाल्याच्या, बंधाऱ्याच्या काठाला शेतकऱ्यांचे पंप लागलेले असतात. केबल पाण्यातून गेलेली, जोड टेपनं गुंडाळलेले. ऑटो स्टार्टर असतो, त्यामुळे लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्री-बेरात्री कधीही. गोड्या पाण्यात विजेची गळती समुद्रापेक्षा जास्त घातक, कारण खारं पाणी विजेला माणसाच्या शरीरापेक्षा सोपी वाट देतं आणि गोडं पाणी देत नाही. काठावर काळी वायर पाण्यात गेलेली दिसली की तो काठ सोडा. बोर्डाचं वेळापत्रक विचारून "आत्ता लाइन नाही, चालेल" असा हिशेब करू नका.

नदीचे डोह नकोत. वर धरण असेल तर पाणी कधी सुटेल याचा भरवसा नाही, आणि डोहात कपारी असतात. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ, कालव्याच्या मोरीजवळ तर मुळीच नको. रब्बीला पाण्याचं आवर्तन सुरू असेल तर मोरीच्या तोंडाशी पाणी इतक्या जोरानं ओढलं जातं की धडधाकट माणूस जाळीला चिकटून राहतो. वरून पाणी अगदी शांत दिसतं. 'आवर्तन सुरू आहे का' हा प्रश्न शाखा अभियंत्याला विचारायचाच, आणि उत्तर 'नाही' आलं तरी भिंतीच्या बाजूला जायचं नाही.

मग कुठलं पाणी?

नवख्यासाठी मला दोन प्रकार बरे वाटतात. एक म्हणजे पूर्व विदर्भातले जुने मालगुजारी तलाव. कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत पसरलेले आहेत. खोली बेताची, काठ उताराचा, पाण्यात चालत उतरता येतं आणि चालत बाहेर येता येतं. वजनाचा अंदाज घ्यायला, तरंगण्याचा ताबा पक्का करायला, मास्क काढून घालायचा सराव करायला याहून चांगली शाळा नाही. उलट उथळ पाण्यातच तरंगणं सांभाळणं जास्त अवघड असतं, कारण पृष्ठभागाजवळ थोडं वर-खाली झालं तरी फुप्फुसातल्या आणि जॅकेटमधल्या हवेचं आकारमान झपाट्यानं बदलतं. इथं जमलं तर समुद्रात जमेलच. फक्त उथळ म्हणून श्वास रोखू नका. सिलिंडरची हवा घेऊन श्वास रोखून वर आलात तर दीड मीटरही फुप्फुसाला इजा करायला पुरेसा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे धरणाच्या फुगवट्याचा लांबचा, शांत, दगडी किंवा मुरमाड काठ. अर्जुनी मोरगावकडचं इटियाडोह, रामटेकजवळचं खिंडसी, मोर्शीजवळचं अप्पर वर्धा ही नावं नकाशावर खुणा करायला घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी परवानगी मिळाल्यावरच पुढची पायरी. गोसीखुर्दच्या फुगवट्यात गावं आणि झाडं बुडालेली आहेत. बुडालेल्या भिंती बघायला जावं असं वाटेल, पण उभी झाडं, तारा आणि त्यांवर अडकलेली जाळी हे नवख्याचं काम नाही.

काळ्या मातीचा तळ टाळा, मुरूम किंवा वाळूचा तळ घ्या. काळ्या मातीत पायातल्या पंखाचा एक फटका बसला की मित्राचा हातही दिसेनासा होतो आणि ती माती लवकर बसत नाही. म्हणूनच पश्चिमेपेक्षा पूर्वेचं पाणी मला जास्त आवडतं. म्हशी डुंबतात तो काठ, धुण्याचा काठ, विसर्जनाचा काठ तिन्ही सोडा. गणपती-दुर्गेनंतर विसर्जनाच्या जागी पाण्याखाली बांबू, तार आणि कापड यांचा गुंता पडलेला असतो.

गावात गेल्यावर

पाण्याआधी माणसं. तलावात मासेमारीचा हक्क बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथल्या ढिवर मंडळींना भेटा. ग्रामपंचायतीत सांगा, पोलीस पाटलांना सांगा. धरण असेल तर जलसंपदा विभागाच्या कार्यालयातून लेखी घ्या. हे कागदासाठी म्हणून करू नका. पाठीला नळकांडं बांधून माणूस पाण्यात गेला, बुडबुडे आले, वर आलाच नाही, हे काठावरून पाहणाऱ्याला बुडणंच वाटतं. गावभर बोंब होते आणि कोणीतरी तुम्हाला वाचवायला उडी मारतो. जुन्या तलावात, मंदिराजवळ उतरलात तर गुप्तधन शोधायला आलेत असाही संशय येतो. आधी सांगितलेलं असेल तर तीच माणसं तुमचं सामान राखतात.

आणि ढिवर मामांना जे माहीत असतं ते कुठल्याही यंत्रात नाही. खोल कुठं, ठुंठं कुठं, जाळी आज कुठं टाकलीत, पाणी मधूनच कुठं गार लागतं, सगळं. असं विचारू नका की "इथं चालेल का?" कारण पाहुण्याला नाही म्हणायला माणसं संकोचतात. विचारा, "तुम्ही स्वतः कुठं उतरत नाही?" "तिकडं नोका जाऊ जी, तिथं गाळ आहे" असं उत्तर मिळालं की त्या दिवसाची निवड निम्मी झाली. शक्य असेल तर त्यांचाच एक डोंगा पाण्यावर ठेवा आणि त्यांच्या वेळेचे रीतसर पैसे द्या.

काठावरची तपासणी

हे काम पूर्ण सकाळ घेईल आणि घेऊ द्या. एक पांढरी स्टीलची किंवा प्लॅस्टिकची ताटली घ्या, साधारण २० सेंटिमीटरची. मध्ये भोक, खाली दगड, वर दोर. दोराला दर मीटरला गाठ. डोंग्यातून, सावलीच्या बाजूनं, हळूहळू खाली सोडा. ताटली दिसेनाशी झाली ती गाठ मोजा. दोन मीटरच्या आत ताटली हरवली तर मी सिलिंडर गाडीतून काढतच नाही, त्या दिवशी फक्त स्नॉर्कल. तीन मीटरच्या पुढं दिसत राहिली तर बरं पाणी. तोच दोर तळापर्यंत सोडून खोली घ्या, आणि बाटलीत घालायचं साधं थर्मामीटर बांधून वर-खाली तापमान बघा. खोल फुगवट्यात उन्हाळ्याच्या तोंडाला वर कोमट आणि खाली एकदम गार असा थर सापडतो. त्या थरात शिरल्यावर श्वास जोरात येतो आणि हवा लवकर संपते.

पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग असेल, वास येत असेल, काठाला मेलेले मासे असतील तर परत फिरा. जलपर्णी, कमळ किंवा शिंगाड्याचे वेल असतील तिथं उतरू नका. शिंगाडा तर कोणाचं तरी पीक असतं.

त्यानंतर सिलिंडरशिवाय, मास्क आणि स्नॉर्कल लावून, ज्या वाटेनं जाणार ती सगळी वाट एकदा वरून पोहा. उतरायची जागा आणि चढायची जागा दोन्ही पायानं तपासा. चढायची जागा बेशरमाच्या झुडपांत किंवा चिखलात असेल तर जागा बदला.

सामान

गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड, त्यामुळे तुम्ही आणि सामान मिळून १०० किलो असाल तर समुद्रात बुडायला कमरेला बांधाव्या लागणाऱ्या शिशाच्या वजनापैकी सुमारे अडीच किलो इथं काढायचं. जास्त वजन बांधून गाळात उतरणं ही इथली सगळ्यात सामान्य अडचण. काठावर पोट-छातीपर्यंतच्या पाण्यात वजन तपासूनच पुढं जा.

सिलिंडर पाच वर्षांत हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची चाचणी) झालेलं आणि श्वासाची हवा भरणाऱ्या अधिकृत ठिकाणाहूनच भरलेलं हवं. गॅरेजच्या, टायरच्या किंवा रंगकामाच्या कॉम्प्रेसरची हवा कधीच नाही. त्यात तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. दवाखान्यातलं ऑक्सिजन सिलिंडर डुबकीला नाही, ते सहा मीटरच्या खाली विष होतं. गाडीत सिलिंडर आडवं, पट्ट्यांनी बांधून, उन्हापासून झाकून ठेवा. २७ अंशाला २०० बार (बार हे दाबाचं माप) असलेलं सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांना पोचलं तर दाब २२२ बारच्या आसपास जातो.

जाळी कापायची छोटी कात्री किंवा लाइन कटर, दोन्ही हातांना पोचेल अशा जागी. मासेमारीची नायलॉनची बारीक जाळी पाण्यात दिसत नाही, आणि अडकल्यावर वळायचं नसतं. थांबायचं, मित्राला हात करायचा, कापायचं. ज्याची जाळी कापली त्याला भरपाई द्यायची. नारिंगी फुगा दोराला बांधून वर ठेवा म्हणजे डोंगेवाल्याला तुम्ही कुठं आहात ते कळेल.

पाण्यात

कोणीही एकट्यानं नाही, आणि काठावर एक माणूस फक्त घड्याळ बघायला. परवाना १८ मीटरचा असला तरी इथं १० मीटरच्या आत राहा. कारण पुढच्या परिच्छेदात आहे. १०० बारला परत फिरायचं, ५० बार शिल्लक असताना वर. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा हळू, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. तळापासून हातभर वर, पाय बेडकासारखे बाजूला मारत. खाली मारू नका. मित्र दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं आणि दोघांनीही वर यायचं.

काही झालं तर

सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, असाधारण थकवा, चक्कर ही डुबकीनंतरच्या आजाराची लक्षणं असू शकतात, काही तासांनीही येतात. त्यावरचा खरा उपचार रीकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे, आणि समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा. म्हणून इथली मर्यादा दहा मीटर, म्हणून छोट्या डुबक्या. सोबत ऑक्सिजनचं प्रथमोपचार किट आणि ते वापरता येणारा एक जण हवाच. १०८ ला फोन करा, रुग्णाला आडवं ठेवा, ऑक्सिजन द्या, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा: सिलिंडरमधली हवा घेऊन पाण्याखाली होता, इतकी खोली, इतकी मिनिटं. 'तलावात पोहत होता' एवढंच सांगितलं तर उपचाराची दिशा चुकते. निघण्याआधीच जवळचं आरोग्य केंद्र आणि तिथवरचा रस्ता बघून ठेवा, मोबाइलची रेंज कुठल्या वळणावर येते तेही.

अंगावर जखम असेल तर उतरू नका. डुबकीनंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना साचलेल्या पाण्यात उतरल्याचं सांगा, लेप्टोस्पायरोसिस डोक्यात असू द्या. कान कोरडे करा. भरपूर पाणी प्या. संध्याकाळी मित्रांसोबत बसायचा बेत असेल तर तो पुढं ढकला.

पुढच्या तलावाकडे निघताना

सूट, पंख, जॅकेट आणि दोर गोड्या स्वच्छ पाण्यानं धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. जॅकेटच्या आतलं पाणी झटकून काढा. जलपर्णीचा एक तुकडा, गोगलगाईची अंडी किंवा रोगट माशांच्या तलावातलं पाणी एका गावाहून दुसऱ्या गावी गेलं तर तिथल्या संस्थेचं वर्षाचं उत्पन्न बुडू शकतं. काल रात्री ओलं गुंडाळलेलं सामान आज नव्या तलावात नको. आणि पाण्याखाली तुटकी जाळी, बुडालेला खांब, नवा गाळ काही दिसलं असेल तर ढिवर मामांना सांगूनच गाडी सुरू करा. त्यांना तिथं उद्या पहाटे उतरायचं असतं.